बुलेटच्या हबातली चुंबळ

गेल्या दिवाळीपासून मी एका आवाजाच्या मागे लागलो होतो. खट्. बस एवढाच आवाज. थ्रॉटल सोडला की खट्, परत पिळला की खट्, सिग्नलवरून निघताना क्लच सोडला की जरा मोठा खट्ट, आणि तो कानाला ऐकू यायच्या आधी कमरेला कळायचा. मागे बायको बसलेली असली की ती म्हणायची, मला कोणीतरी पाठीत हलकीशी कोपरखळी मारतंय असं वाटतं.

गाडी मामाची. १९७८ ची बुलेट, ३५० सीसी, उजव्या पायात गियर आणि डाव्या पायात ब्रेकवाली. मामा लालबागला राहतो, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. गुडघे गेल्यावर किक मारणं जमेना म्हणून चार वर्षांपूर्वी गाडी माझ्याकडे भांडुपला आली. मी ती सोडायला तयार नाही, आणि मामा अजून दर रविवारी फोनवर आधी गाडीची चौकशी करतो आणि मग आमची.

तर हा खट्. पहिल्यांदा आमच्या इथल्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी चेन हलवून बघितली, म्हणाले चेन गेलीय साहेब, नवीन टाकू. टाकली. चार दिवस बरं वाटलं, नवीन चेन असली की सगळंच जरा घट्ट लागतं, पण पाचव्या दिवशी एलबीएस रोडवर मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेने पेव्हर ब्लॉकवरून जाताना परत तेच. मग दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो, त्यांनी क्लच खोलला, प्लेटी बदलल्या. तरी खट्. तिसऱ्या माणसाने सांगितलं गियरबॉक्स खोलावा लागेल, आणि मी तोही खोलू दिला, आत काही फार वाईट नव्हतं, एका गियरच्या डॉगच्या (शेजारच्या गियरमध्ये अडकणाऱ्या दातांच्या) कडा थोड्या गोल झाल्या होत्या एवढंच. तेवढ्यात सहा महिन्यांत नवीन चेन इतकी ओढली गेली की चेन ताणायचा ॲडजस्टर जवळजवळ शेवटाला आला, आणि मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. सगळं मिळून साडेअकरा हजार गेले. पैशाचं जाऊ द्या, पण प्रत्येक वेळी गाडी घरी आणताना मनात यायचं की आपण दुखणं सोडून भलत्याच जागी औषध लावतोय.

शेवटी मामानेच विचारलं. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, ड्रमरबर बघितलेस का?"

मी म्हटलं, "मामा, ते कोणीच नाही बोललं."

"कोण बोलणार? तीनशे-साडेतीनशेचा माल आणि चाक खोलायची मेहनत. तू स्वतः बघ."

ड्रमरबर, हबरबर, कुशरबर, कपलिंग रबर, ज्या दुकानात जाल तिथे वेगळं नाव ऐकाल, वस्तू एकच. मागच्या चाकाच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, बसवलेले रबरी ठोकळे. बाहेरून दिसत नाहीत, पॉलिश करता येत नाहीत, फोटोत येत नाहीत. जुनी गाडी घेणारा माणूस टाकीच्या पिनस्ट्रायपिंगवर महिनाभर विचार करतो, सायलेन्सरचा क्रोम बघतो, कार्बोरेटर कुठला आहे विचारतो. मी चार वर्षांत कित्येक लोकांना ही गाडी दाखवली असेल, एकानेही रबराचं विचारलं नाही. आणि मीही कधी बघितलं नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे.

हे रबर करतं काय, ते समजून घ्यायला इंजिनपासून सुरुवात करावी लागते. बुलेटचं इंजिन म्हणजे एकच मोठा पिस्टन, ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० स्ट्रोक (पिस्टनची धाव). फोरस्ट्रोक, म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) दोनदा फिरला की एकदाच स्फोट. बाकीच्या तीन स्ट्रोकमध्ये इंजिन ताकद देत नाही, उलट कॉम्प्रेशनला, म्हणजे हवा दाबायला, खातं. आपण म्हणतो गाडीला एवढा टॉर्क (फिरवणारा जोर) आहे, पण तो आकडा सरासरीचा असतो, प्रत्यक्षात स्फोटाच्या क्षणी बसणारा झटका त्या सरासरीच्या कितीतरी पट असतो आणि मग मध्ये काहीच नाही, परत झटका. बुलेटचा फ्लायव्हील (क्रँकबरोबर फिरणारं चाक) जड आहे, तो यातलं बरंचसं पोटात घेतो, पण सगळं नाही. २००० आरपीएमला मिनिटाला १००० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा. भांडुपहून फोर्टला जायला ट्रॅफिक धरून तास-सव्वातास लागतो, त्या एका तासात साठ हजार ठोके मागच्या चाकाकडे निघतात. ज्या डुगडुग आवाजावर आपण जीव टाकतो ना, तो याच ठोक्यांचा.

आणि हे ठोके जातात कुठून? क्रँकवरून प्रायमरी चेन, क्लच, गियरबॉक्स, मग मागची चेन, मग सॉकेट, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र. लोखंडावर लोखंड. चेनच्या रोलरवर सॉकेटचा दात, गियरच्या डॉगवर दुसऱ्या गियरचा डॉग. यात कुठेही मऊ असं काही नाही. जुन्या बुलेटमध्ये पूर्ण ओळीत एकच मऊ जागा आहे आणि ती म्हणजे हबातली ही सहा रबरं.

आमची आजी नळावरून हंडा आणायची तेव्हा डोक्यावर आधी चुंबळ ठेवायची, जुन्या लुगड्याचा गोल पिळा. क्रॉफर्ड मार्केटला हमाल अजूनही डोक्यावर कापड ठेवल्याशिवाय पाटी घेत नाहीत. हंडा तेवढाच जड असतो, चुंबळीने वजन कमी होत नाही, पण पितळ आणि कवटी यांची थेट गाठ पडत नाही. पायऱ्या चढताना हंडा हिंदकळला तर तो हिसका आधी चुंबळ खाते, मान नाही. माझ्या डोक्यात तेव्हापासून ड्रमरबर म्हणजे चुंबळ असंच बसलंय.

रचना साधीच आहे पण हुशारीची आहे. बुलेटच्या मागच्या चाकात सॉकेट आणि ब्रेकड्रम हा एकच ओतीव तुकडा असतो, वेगळं सॉकेट बोल्ट करायचं नाही. (म्हणून दात झिजले की अख्खा ड्रम बदलावा लागतो, हे दुखणं वेगळं.) या ड्रमच्या पाठीमागे आतल्या बाजूला तीन पाती आहेत. चाकाच्या हबालाही तीन पाती आहेत. दोन्ही एकमेकांत बसवले की हबाची पाती ड्रमच्या पात्यांच्या मधल्या जागेत येतात, आणि मग सहा खाने तयार होतात. प्रत्येक खान्यात एक रबर. चेन ड्रमला ओढते, ड्रमचं पातं रबराला दाबतं, रबर हबाच्या पात्याला दाबतं, तेव्हा कुठे चाक फिरतं. लोखंडाचं लोखंडाला बोटही लागत नाही. तीन रबरं ओढताना दाबली जातात, आणि थ्रॉटल सोडल्यावर चाक इंजिनाला ओढायला लागतं तेव्हा समोरची तीन.

रबर म्हणजे निव्वळ स्प्रिंग नाही हेही इथे महत्त्वाचं. स्प्रिंग दाबली तर जेवढं घेतलं तेवढं परत उसळून देते. रबर दाबलं की घेतलेल्यातलं थोडं स्वतःकडे ठेवतं, त्याची उष्णता करून टाकतं आणि बाकीचं सावकाश परत करतं. म्हणून झटका नुसता पुढे ढकलला जात नाही, थोडा जिरतो. लांब चालवून आल्यावर हबाला हात लावला आणि कोमट लागला तर त्यात ब्रेक आणि बेअरिंगबरोबर या रबरांचाही थोडा वाटा असतो.

आणि झटके काही फक्त इंजिनाकडूनच येत नाहीत. मुंबईत तर उलट्या बाजूने जास्त येतात. स्पीडब्रेकरवरून चाक जरा उचललं गेलं आणि थ्रॉटल चालूच असेल तर ते हवेत जोरात फिरतं आणि खाली टेकताना रस्ता त्याला एकदम पकडतो. खड्ड्यात तेच. हा रस्त्याचा हिसका चेनवरून गियरबॉक्समध्ये आणि तिथून क्रँकपर्यंत जातो. मध्ये रबर जिवंत असेल तर निम्मं काम तिथेच होतं. नसेल तर गियरचे डॉग, चेनच्या पिना, चाकाचे स्पोक यांच्या वाट्याला. म्हणजे माझ्या गाडीची चेन का ओढली गेली, डॉगच्या कडा का गोल झाल्या, स्पोक का तुटले, ही तीन वेगवेगळी दुखणी नव्हतीच.

थोडा इतिहास सांगतो, कारण मला तो वाचताना फार मजा आली. सुरुवातीच्या बहुतेक मोटरसायकलींना मागच्या चाकाला चेन नव्हती, चामड्याचा किंवा रबर-कॅनव्हासचा पट्टा असायचा. पट्टा घसरायचा, पावसात तर फारच, पण घसरायचा म्हणूनच झटकाही खायचा. कोणाला वेगळं रबर लावायची गरज पडली नाही. ज्यांनी पट्टा सोडून चेन लावली त्यांना ताकद पूर्ण मिळाली आणि झटकेही पूर्ण मिळाले. रॉयल एन्फिल्ड ही सगळी चेनवर चालणारी गाडी काढणाऱ्यांमध्ये लवकर होती, आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीच त्यांनी मागच्या हबात रबर घालून हा प्रश्न सोडवला. तीच कल्पना पुढे इंग्लंडमधल्या रेडिचहून मद्रासला आली, १९५५ पासून आपल्याकडे बुलेट बनायला लागली, आणि मामाच्या ७८ च्या गाडीतही तीच.

बाकीच्यांनी वेगळे रस्ते धरले. बीएसए एम२० किंवा मॅचलेस जी३एल, ज्या दुसऱ्या महायुद्धात लष्कराने वापरल्या आणि ज्या आजही व्हिंटेज रॅलीला दिसतात, त्यांच्यात हे काम क्रँकच्या टोकालाच केलंय, एक जाड स्प्रिंग आणि चढउताराचा कॅम, झटका आला की कॅम चढतो आणि स्प्रिंग दाबते. ट्रायम्फच्या पुढच्या काळातल्या ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या गाड्यांत) रबर क्लचच्या पोटात आहे. आपल्या जुन्या बजाज चेतकला तर चेनच नाही, तिथे प्रायमरीच्या मोठ्या गियरमध्येच छोट्या छोट्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात, आणि ज्याने कधी पद्मिनी टॅक्सीची क्लचप्लेट हातात घेतली असेल त्याला मधल्या भागातल्या स्प्रिंगा आठवतील, त्याही याचसाठी. म्हणजे यातल्या कोणीही इंजिन थेट चाकाला बांधलेलं नाही. जागा वेगळी, गरज तीच. मला स्वतःला हबातली जागा सगळ्यात आवडते, कारण रस्त्याकडून येणारा हिसका ती चेनच्याही आधी अडवते. क्रँकवरची स्प्रिंग इंजिनाचा झटका छान खाते पण रस्त्याचा हिसका तिच्यापर्यंत पोचेपर्यंत चेन आणि गियरबॉक्स मार खाऊन मोकळे झालेले असतात.

आता बुलेटमधली एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. ब्रेकड्रम सॉकेटच्याच तुकड्यात आहे म्हटलं ना, म्हणजे ड्रम रबराच्या अलीकडे आणि चाक पलीकडे. मग मागचा ब्रेक मारता तेव्हा ब्रेक ड्रमला धरतो आणि ड्रम चाकाला रबरामधून धरतो. मागच्या ब्रेकचा सगळा जोर याच रबरांवरून जातो! म्हणून रबर गेलेल्या बुलेटचा मागचा ब्रेक दाबला की आधी एक ठोका लागतो आणि मग गाडी थांबायला लागते. आणि ब्रेक तापला की तो ताप शेजारच्या रबराला. खंडाळ्याचा घाट उतरताना मागच्या ब्रेकवर पाय ठेवून बसणारे लोक रबर भाजतात असं म्हटलं तरी चालेल.

याच गोष्टीचा फायदा तपासायला होतो. चाक खोलायची गरज नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या. एकाने मागचा ब्रेक घट्ट दाबून धरायचा, म्हणजे ड्रम जागच्या जागी अडकला, चेनचा ढिलेपणा हिशोबातून गेला. आता दुसऱ्याने टायर दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवायचा. जी मोकळी हालचाल मिळेल ती फक्त रबराची. जुन्या मॅन्युअलमध्ये दिलंय की टायरवर मोजून अर्धा ते एक इंचाच्या वर मोकळं हललं तर रबर बदला. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि साडेअकरा हजार खर्च करायच्या आधी मी ते केलं असतं तर बरं झालं असतं.

मी ते केलं मे महिन्यात एका शनिवारी सकाळी, बिल्डिंगच्या खाली. मुलीला ब्रेकच्या पेडलवर उभं केलं, ती आठवीत आहे, तिला सांगितलं अजिबात हलायचं नाही. टायर पुढे ढकलला, खट्. मागे ओढला, खट्. तोच आवाज! सात महिने ज्याच्या मागे होतो तो आवाज, गाडी बंद असताना, माझ्या हातात. टायरच्या कडेला खडूने खूण करून पट्टीने मोजलं, सव्वादोन इंच. मुलगी म्हणाली, "बाबा, हे एवढंच होतं?"

मग चाक काढलं. चेनचं लॉक काढून चेन उतरवली, ब्रेकचा रॉड सोडवला, एक्सल ठोकून बाहेर काढला. हबाच्या मागचे तीन नट, त्यातला एक इतका गंजलेला की डिझेल लावून अर्धा तास थांबावं लागलं. नट निघाले तरी ड्रम हबाला चिकटलेला, लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने चारी बाजूंनी हळूहळू ठोकत गेलो आणि मग तो एकदम सुटला, आणि खाली पेपरवर काळी भुकटी पडली. तव्याखालच्या काजळीसारखी, पण जरा चिकट. बोटाने चोळली तर रेषा उठायची आणि लवकर जात नव्हती. ते रबर होतं. म्हणजे रबराचा जो भाग झिजून गेला होता तो.

सहाच्या सहा बाहेर काढले आणि ओळीने मांडले. ओढणाऱ्या बाजूचे तीन जवळजवळ निम्मे उरलेले, त्यांच्या अंगावर पात्याचा ठसा असा खोल बसला होता की पातं परत त्यात नीट बसत होतं. एकाचे दोन तुकडे. समोरच्या बाजूचे तीन आकाराने बरे होते पण दगड झालेले. नखाने दाबलं तर नख उमटत नाही, वाकवलं तर वरून बारीक बारीक भेगा उघडतात, आणि पृष्ठभाग असा चकचकीत की जणू वार्निश मारलंय. आणि दोन खान्यांमध्ये मला सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे सापडले, घडी करून कोंबलेले. कधीतरी कोणीतरी ढिलेपणा भरून काढायला घातले असणार. हा जुना जुगाड आहे, अनेक मिस्त्री करतात, आणि रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरता मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ट्यूब पातळ असते, घड्या एकमेकांवर घासून कापल्या जातात, आणि आवाज दबला की माणूस विसरून जातो. माझ्या मते या गाडीत नेमकं तेच झालं होतं.

रबर मरतं कशाने, तर झिजून तर मरतंच पण वयानेही मरतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करत जातात, उष्णता त्यात भर घालते. आणि तेल-ग्रीस. नैसर्गिक रबराला तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, मग कुरतडल्यासारखं तुटतं. चाकाच्या बेअरिंगमध्ये गच्च ग्रीस भरायची सवय असते लोकांना, जास्त घातलं की चांगलं असं वाटतं, ते जास्तीचं ग्रीस तापून बाहेर येतं आणि बरोबर इथेच उतरतं. पावसात हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं ते वेगळं. पाण्याने रबराला फारसं होत नाही पण पात्यांना गंज चढतो, आणि गंजलेलं पातं म्हणजे कानस. माझ्या ड्रमची पाती मी आधी वायरब्रशने आणि मग बारीक पॉलिशपेपरने साफ केली, हात फिरवून गुळगुळीत लागेपर्यंत. हे काम कोणी करत नाही आणि मग नवीन रबर वर्षभरात परत जातं.

आता नवीन रबर कुठलं घ्यायचं, यावर माझं ठाम मत झालंय. पहिल्यांदा मी चोरबाजारात गेलो कारण मला "जुना ओरिजिनल स्टॉक" पाहिजे होता. मिळालाही, पिवळ्या पडलेल्या पाकिटात, सील न उघडलेला. हातात घेऊन फार छान वाटलं. पण नख लावून बघितलं तर तो माझ्या जुन्या दगडी रबरांपेक्षा थोडासाच मऊ होता. पाकिटात ठेवलं म्हणून रबराचं वय थांबत नाही. लोखंडी पार्ट चाळीस वर्षं तेलात गुंडाळून ठेवा, नवीनच राहील, रबर नाही राहणार. म्हणून टाकी, हेडलाइट, बॅज जुने शोधा, खुशाल शोधा, रबर मात्र ताजं.

मग एका दुकानदाराने पॉलियुरेथेनचा सेट दिला, लाल रंगाचा, म्हणाला आयुष्यभर टिकेल. बसवला. खट् गेला, शंभर टक्के गेला. पण गाडी बदलली. फूटरेस्टमधून झिणझिण यायला लागली, क्लच सोडताना गाडी एकदम उडी घ्यायची, आणि टॉपमध्ये ४० च्या खाली गेलं की अख्खी चेन थरथरतेय असं पायाला कळायचं. तो माल इतका कडक होता की दाबलाच जात नव्हता, म्हणजे मी चुंबळीच्या जागी लाकडी फळी ठेवली होती. रेसवाल्यांना तसं आवडतही असेल, त्यांना थ्रॉटलचा जवाब लगेच पाहिजे असतो आणि ते गियरबॉक्स वारंवार खोलतात. पन्नास वर्षांच्या जवळ आलेल्या, चार गियरच्या जुन्या बॉक्सला ते देऊ नये. आठवडाभरात काढून टाकला.

शेवटी नागदेवी स्ट्रीटला गेलो. मशीदबंदरच्या बाजूने आत शिरलं की बेअरिंग, ऑइलसील, रबरशीट, नटबोल्ट यांची रांगच्या रांग. एका छोट्या दुकानात, दोन माणसं उभी राहिली की भरतं एवढंच, म्हाताऱ्या शेठनी माझं तुटकं रबर हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं, वास घेतला, आणि काही न बोलता मागच्या खणातून साध्या काळ्या रबराचा सेट काढला. मी विचारलं टिकेल का. ते म्हणाले, "टिकायला नाही घालत हे. झिजायला घालतात." ३४० रुपये.

बसवायची एक पद्धत आहे आणि ती चुकली तर दिवस वाया जातो. नवीन रबरं खान्यात गच्च बसतात, आणि सहाही बसल्यावर मधल्या फटीत हबाची तीन पाती एकाच वेळी घुसवायची असतात. पातं शिरतच नाही. इथे माणूस वैतागून ग्रीस लावतो, आणि तिथेच नवीन रबराचं आयुष्य संपतं. ग्रीस नको, तेल नको. साबणाचं पाणी. भांड्यांचा साबण वाटीत फेसाळून घेतला, रबरं आधी ड्रममध्ये बसवली, सगळ्यांना फेस लावला, मग हब वरून धरून डावी-उजवीकडे हलवत हलवत दाबला. दोन पाती शिरली, तिसरं रबराच्या कडेवर चढून बसलं. हातोडीच्या लाकडी दांड्याने ते रबर बाजूला सारून धरलं आणि मुलीला सांगितलं हबावर दोन्ही हात ठेवून जोर दे. ती जवळजवळ आडवीच पडली त्याच्यावर. फस् करून फेस बाहेर आला आणि हब खाली बसला. नवीन रबराचा आणि साबणाचा असा मिळून वास, जूनमध्ये शाळेचे नवीन गमबूट आणल्यावर घरात यायचा तसा.

तीन नट आवळले, आणि मग ड्रम हाताने जोर लावून फिरवून बघितला. थोडा दबला पाहिजे आणि परत यायला पाहिजे, नट आवळून जर तो पूर्ण जाम झाला तर रबर असून नसल्यासारखं. साबणाचं पाणी एकदोन दिवसांत वाळून जातं. तोवर मी गाडी जोरात चालवली नाही.

टायरवर मोजलं, अर्ध्या इंचाच्या आत, आणि शेवटाला खट् नाही, नुसतं दबून थांबतं.

चालवताना काय फरक पडला हे सांगणं जरा कठीण आहे कारण जे नाहीसं झालं ते सांगायचंय. थ्रॉटल सोडला तर गाडी हळू होते, एवढंच. परत दिला तर निघते. खाली गियर टाकताना पायाला जो टोला बसायचा तो बसत नाही. सायनचा ब्रिज चढताना पूर्वी मी अंदाजाने क्लच अर्धा धरायचो, झटका लपवायला, ती सवय अजून मोडली नाहीये. डुगडुग तीच आहे, पण आता ती कानाला येते, कमरेला नाही. आणि एक सवय मी मुद्दाम सोडली, टॉपमध्ये ३० वर गाडी ओढायची. बुलेटवाल्यांना ते फार आवडतं, मलाही आवडायचं, एकेक ठोका मोजता येतो. पण इतक्या कमी फेऱ्यांवर दोन स्फोटांच्या मधलं अंतर वाढतं, फ्लायव्हील कमी पडतो, आणि प्रत्येक ठोका पूर्णच्या पूर्ण रबरावर जातो. आता एक गियर खाली घेतो.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन लालबागला गेलो. मामा काठी घेऊन जिन्यावरून खाली उतरला, गाडीकडे नुसतं बघितलं, आणि मला म्हणाला ब्रेक दाब. स्वतः खाली वाकून टायर धरून पुढेमागे हलवला. दोनदा. काही बोलला नाही. मग वर जाऊन कपाटातून वही काढायला लावली, लाल पुठ्ठ्याची, गाडीची वही. पहिल्या पानावर १९७८, त्याच्या सुबक अक्षरात प्रत्येक खर्च, पेट्रोल सोडून. आम्ही बोट फिरवत मागे मागे जात राहिलो. टायर, प्लग, पॉइंट, क्लच केबल, परत टायर. "ड्रम रबर सेट" ही ओळ सापडली १९९७ च्या पानावर. त्याआधी १९८५. त्यानंतर नाही.

"म्हणजे बारा वर्षांनी बदलले होते आणि मग राहूनच गेले," मामा म्हणाला, आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. मग पेन माझ्याकडे दिला. शेवटच्या भरलेल्या पानावर खाली चार ओळी रिकाम्या होत्या. मी तारीख टाकली, ड्रम रबर सेट, ३४० रुपये, नागदेवी. तो म्हणाला साबणाचं पण लिही, पुढच्याला कळू दे ग्रीस लावायचं नाही. तेही लिहिलं.